लघवी गडद पिवळी का होते? मुलांना कारण लिहायला शिकवताना

सातवी-आठवीच्या मुलांना ‘मूत्रपिंडाचे कार्य’ लिहायला सांगितलं की ठरलेली ओळ येते: ‘मूत्रपिंड रक्त शुद्ध करण्याचे महत्त्वाचे कार्य करते.’ ओळ खरी आहे, पण आत काय घडतं याचा तिच्यात पत्ताच नाही. म्हणून अवयवाचं नाव देऊ नये, प्रश्न द्यावा. खानदेशात तो आयताच मिळतो: मे महिन्यात पारा ४५ला टेकला की लघवी थोडी आणि गडद पिवळी का होते?

आधी तोंडी. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना अहिराणीतच सांगू द्या. आपण मध्ये फक्त ‘मंग काय व्हयनं?’ एवढंच विचारायचं. मग कागदाच्या पट्ट्या, एका पट्टीवर एकच घटना. घामावाटे पाणी गेलं. रक्तातले क्षार दाट झाले. मेंदूला ते कळलं. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीने संप्रेरक (हार्मोन) रक्तात सोडलं. मूत्रपिंडातल्या नलिकांनी जास्त पाणी परत शोषलं. लघवी कमी झाली, रंगद्रव्य तेवढंच राहिलं, म्हणून रंग गडद.

पट्ट्या पिसून शेजाऱ्याला लावायला द्या. त्याला मध्येच ‘हे कसं झालं?’ असं विचारावं लागलं, तर तिथली पट्टी राहिलीय. बहुधा संप्रेरकाचीच राहते आणि मूल लिहितं, ‘शरीराला पाणी हवं असतं म्हणून मूत्रपिंड पाणी वाचवतं.’ ही गरज झाली, कारण नव्हे. मूत्रपिंडाला निरोप कोणी दिला, असं विचारलं की वाक्य सुधारतं.

गाळणीची उपमाही घोटाळा करते. चहाच्या गाळणीत चोथा वर राहतो, हवं ते खाली येतं. मूत्रपिंडात रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं रक्तातच राहतात, पण पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया असं हवं-नको सगळंच गाळून पलीकडे जातं. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे १८० लिटर! लघवी मात्र साधारण दीड लिटर. वजाबाकी मुलांनाच करू द्या, म्हणजे ‘परत शोषणं’ लेखात आपोआप येतं. अंगात रक्त जेमतेम ५ लिटर, मग १८० आले कुठून, ही शंका कुणीतरी काढायलाच हवी. तेच रक्त दिवसभर पुन्हा पुन्हा मूत्रपिंडातून जातं, हे तेव्हा सांगावं.

तपासताना शुद्धलेखन नंतर, आधी क्रियापदांखाली रेघा. ‘आहे’, ‘असते’, ‘कार्य करते’ यांचीच गर्दी असेल तर वही परत द्या. गाळतं, शोषतं, सोडतं अशी क्रियापदं आणि प्रत्येकाचा कर्ता दिसेपर्यंत.