‘सबब’सकट

आज पेशी होती. साक्षीदार आलाच नाही, पुढची तारीख पडली. त्याचं आता काही वाटत नाही. मनाला लागलं ते वेगळंच.

सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेर टायपिस्टच्या टेबलाशी वकीलसाहेबांची वाट पाहत होते. टायपिस्ट एका म्हाताऱ्या काकांना वाचून दाखवत होता, ‘मुलीच्या लग्नात योग्य तो खर्च केला असून ती सासरी सुखात आहे, सबब तिला काहीही दिलेले नाही.’ माझे हातपायच गार पडले. बाबांच्या २०१९च्या मृत्युपत्रात हेच वाक्य आहे. ‘सबब’सकट.

तीन वर्षं हे वाक्य मी बाबांच्या आवाजात ऐकतेय. काटोलची बाग गेली तर गेली, पण ‘सुखात आहे’ असं बाबा म्हणालेच कसे? यांचं दुकान बसलं तेव्हा... जाऊ दे. अंबियाची संत्री उतरली की पहिली पेटी माझ्याकडे पाठवणारा माणूस तो.

म्हणजे ते वाक्य बाबांचं नव्हतंच! घरी येईपर्यंत किती हलकं वाटत होतं. मग कुकर लावताना मनात आलं, बाबांनाही ते असंच वाचून दाखवलं असेल ना? ‘बरोबर आहे ना काका?’ असं कुणी विचारलं असेल. आणि बाबांनी मान डोलावली असेल?

२०११चं मृत्युपत्र नोंदणीचं, त्यात दादाला नि मला अर्धं-अर्धं. शिक्का आहे म्हणजे तेच खरं, असं मी धरून बसले होते. पण मृत्युपत्राला नोंदणीची सक्तीच नाही. नंतरचं साध्या कागदावर असलं तरी चालतं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि त्यातल्या एकाने तरी कोर्टात येऊन सांगायला हवं. २००५च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतका हक्क दिला, पण तो वडिलोपार्जितात. ही बाग बाबांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली. ज्याची कमाई, त्याची मर्जी. हे आता पटतंही.

बाबा सहीखाली दोन टिंबं द्यायचे, माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा. २०१९ची सही थरथरलेली आहे, टिंबं मात्र दोन्ही आहेत. सही त्यांचीच, हे मी मनात केव्हाच मान्य केलंय.

उलटतपासणीत काय विचारायचं ते वकीलसाहेब बघतील. मी त्यांना एवढंच सांगणार आहे, एक प्रश्न माझ्यासाठी विचारा : ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा बाबा काही बोलले का?