ताकाशी शिमुरा कालक्रमाने : छत्रीवाल्यापासून ‘इकिरू’पर्यंतची नोंद

जपानी नट ताकाशी शिमुरा यांचे मिळतील तेवढे चित्रपट कालक्रमाने पाहण्याचा उपक्रम आता १९५४ पर्यंत येऊन पोहोचला आहे. या टप्प्यावर एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या तीस चित्रपटांपैकी एकवीस चित्रपटांत शिमुरा आहेत आणि त्यांचे अधिक गाजलेले सहकलाकार तोशिरो मिफुने सोळांत. तरीही शिमुरांची ओळख बहुधा ‘इकिरू’ आणि ‘सात सामुराई’ या दोन चित्रपटांपासून सुरू होऊन तिथेच थांबते. युद्धपूर्व काळातले त्यांचे काम आधी पाहिले, तर ‘इकिरू’मधले ते प्रसिद्ध गाणे निराळेच ऐकू येते, आणि या नोंदीचा बराचसा भाग त्याविषयीच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. शिमुरांचा जन्म १२ मार्च १९०५ रोजी ह्योगो प्रांतातल्या इकुनो या खाणीच्या गावी झाला. घराणे सामुराईंचे होते. आजोबा १८६८ च्या तोबा-फुशिमीच्या लढाईत, म्हणजे शोगुन आणि सम्राट यांच्या पक्षांतल्या संघर्षात, उतरले होते. कान्साई विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकत असताना त्यांनी ओसाका महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी धरली, पण नाटकाच्या नादात ती टिकली नाही. पुढे ‘इकिरू’त महापालिकेच्या कारकुनाची भूमिका अजरामर करणाऱ्या नटाने तरुणपणी तसल्याच कचेरीतली खुर्ची उबवली होती, हा योगायोग मला फार आवडतो. चित्रपटांत ते १९३४ साली, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर आले. दिग्दर्शक केन्जी मिझोगुचींच्या १९३६ च्या ‘नानिवा एरेजी’मध्ये ते पोलीस अधिकारी म्हणून दिसतात, काम लहान, पण चोख.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मासाहिरो माकिनो दिग्दर्शित ‘ओशिदोरी उतागास्सेन’ (१९३९) ही जेमतेम ६९ मिनिटांची संगीतिका आहे. तिच्यात शिमुरा छत्र्या रंगवून पोट भरणाऱ्या एका बेकार सामुराईची भूमिका करतात. या गृहस्थाला जुन्या वस्तूंचे वेड असून घरातला तांदळाचा पैसाही तो भांड्याकुंड्यांवर उधळतो आणि लेकीची बोलणी खातो. अशा या बापाच्या तोंडी गाणी आहेत आणि ती शिमुरांनी स्वतः गायली आहेत. आवाज मोकळा आहे, ठेका नेमका आहे, शब्द खेळकरपणे फेकण्याची लकब आहे. हातातल्या चहाच्या वाटीचे कौतुक गाताना त्यांचे डोळेही तालात हलतात. गायक नटांची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाला या माणसाचा गळा तयार आहे हे पहिल्या दोन ओळींतच कळावे.

यानंतरची वर्षे मी भराभर पाहिली. ‘सुगाता सानशिरो’मध्ये (१९४३) ते कुस्तीत पुन्हा पुन्हा आपटले जाऊनही उठून उभे राहणारे जुन्या पठडीचे उस्ताद आहेत, तर ‘योइदोरे तेन्शी’मध्ये (१९४८) क्षयाने पोखरलेल्या गुंडावर (मिफुने) उपचार करणारे दारुडे, तोंडाळ डॉक्टर आहेत. त्यातला डॉक्टर मला गुंडापेक्षा सरस वाटतो, हे माझे मत मिफुनेभक्तांना रुचणार नाही. १९५० च्या ‘शुबुन’मध्ये मात्र जरूर थांबावे. त्यातला लाचखाऊ वकील हिरुता नाताळच्या रात्री दारूच्या गुत्त्यात नव्या वर्षी माणूस होण्याची शपथ घेतो आणि सगळा गुत्ता रडत, बेसूर एकत्र गाऊ लागतो. दोन वर्षांनी येणाऱ्या ‘इकिरू’च्या गाण्याची तालीम इथेच झाली असावी, असे मला वाटते.

‘इकिरू’मधल्या वातानाबेला पोटाचा कर्करोग झाला आहे. रात्रीच्या मौजेसाठी तो बारमध्ये नेला जातो, पियानोवाला फर्माईश विचारतो आणि तो १९१५ सालचे ‘गोंदोला नो उता’ मागतो. नाचणारी जोडपी हळूहळू थबकतात. कॅमेरा चेहऱ्याजवळ असतो, ओठ जेमतेम हलतात, मान स्थिर असते, अश्रू ओघळत राहतात आणि आवाज छातीतून नव्हे, तर घशाच्या कुठल्यातरी कोरड्या कोपऱ्यातून येतो. पूर्वी हा प्रसंग पाहताना गाता न येणारा म्हातारा गातो आहे, एवढेच मला जाणवत असे. छत्रीवाला पाहिल्यानंतर मात्र लक्षात येते की शिमुरांनी इथे आपला चांगला गळा जाणूनबुजून दडवला आहे: सूर ठाऊक असलेला माणूसच तो सुटू न देता इतक्या काठाकाठाने चालू शकतो. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यांचे वय ४७ होते. निवृत्तीला टेकलेला वाकलेला देह हीसुद्धा अशीच कमावलेली गोष्ट होती.

त्याचा पुरावा दोनच वर्षांनी मिळतो. १९५४ च्या एप्रिलमध्ये ते ‘सात सामुराई’तले म्होरके काम्बेई म्हणून ताठ कण्याने उभे राहतात, तर नोव्हेंबरमध्ये ‘गोजिरा’तले (गॉडझिला) शास्त्रज्ञ यामाने म्हणून पुन्हा खांदे पाडतात. ओलीस मुलाला सोडवण्यासाठी भिक्षूचे सोंग घेताना काम्बेई डोके भादरतो आणि पुढे सबंध चित्रपटभर पेच पडला किंवा संकोच वाटला की तळहात त्या डोक्यावरून फिरवतो. संवादाविना पात्र ओळखीचे करून देणारी ही सवय मोजक्याच जागी येते, म्हणून ती कंटाळवाणी होत नाही.

क्रम मोडून एक चित्रपट मध्येच पाहिला, तो १९६९ चा पहिला ‘ओतोको वा त्सुराई यो’. त्यात ते आठ वर्षे मुलाशी दुरावलेले वडील आहेत आणि मुलाच्या लग्नात बोलायला उभे राहतात. बराच वेळ शब्द फुटत नाही. मग आपण पालक म्हणवून घ्यायला लायक नसल्याचे ते सांगतात आणि ती आठ वर्षे म्हणजे लांबलेला हिवाळा होता, असे म्हणतात. इथेही आवाज रोखून धरण्याचीच करामत आहे, फक्त गाणे नाही.

उतारवयात त्यांनी दूरचित्रवाणीवरही पुष्कळ काम केले, पण उपशीर्षकांसह ते हाती लागत नसल्यामुळे सध्या बाजूला ठेवले आहे. पुढचा टप्पा ‘कुमोनोसु-जो’ (१९५७) ते ‘योजिम्बो’ (१९६१) असा राहील. शेवटी ‘कागेमुशा’ (१९८०) घेणाऱ्यांनी प्रत तपासून घ्यावी: परदेशात दाखवलेल्या सुमारे १६२ मिनिटांच्या आवृत्तीत शिमुरांचे प्रसंग कापलेले आहेत, त्यामुळे १८० मिनिटांचीच प्रत शोधावी.