तुम्ही विचारलंत म्हणून: खानदेशातून दोन भाषांतली पदवी

धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे पालक आणि बारावीची मुलं एक प्रश्न वारंवार विचारतात. आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी दोन भाषांमधून करायची असते म्हणे, इंग्रजी आणि फ्रेंच. आमची पोरगी मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून शिकली, तिला झेपेल का? कुणी सरळ अहिराणीतच विचारतं, "आमनी आंडेरले हाई जमी का?"

जमेल. पण आधी एक नीट समजून घ्या. या पदवीत दुसरी भाषा हा शिकायचा विषय नसतो, ती शिकण्याचं माध्यम असते. फ्रेंच साहित्याचा एखादा पेपर असतो असं धरून चालणारे पहिल्या सत्रातच अडखळतात. संयुक्त राष्ट्रांची रचना, जागतिक व्यापार, युद्धानंतरचे तह हे सगळं निम्मं इंग्रजीत आणि निम्मं फ्रेंचमध्ये वाचायचं, ऐकायचं, त्यावर बोलायचं आणि लिहायचं. म्हणून सगळा हिशेब तासांचा आहे, आणि तो अकरावीच्या जूनमध्ये मांडायला हवा, बारावीच्या निकालानंतर नव्हे.

युरोपीय मोजपट्टीत भाषेचे टप्पे ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा असतात. विद्यापीठात बसून व्याख्यान समजायला किमान बी-२ लागतं. शून्यापासून तिथवर पोचायला साधारण ५५० ते ६५० तासांचं शिकणं लागतं. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर एक वर्ष. पण सहामाही, सराव परीक्षा, लग्नसराई आणि घरची कामं धरून दीड ते दोन वर्षं समजा. शिकवणीचे वर्ग आता ऑनलाइन मिळतात, त्यामुळे शहाद्यात किंवा चोपड्यात बसूनही सुरुवात अडत नाही. अडतं ते ऐकण्यापाशी. शिक्षकाचं सावकाश फ्रेंच कळतं, प्राध्यापकाचं कळत नाही. त्यावर उपाय रोजचा हवा: आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र आणि टीव्ही-५ मोंद या फ्रेंच वाहिनीचे मोफत धडे. दोन्हींसाठी मोबाइल पुरे.

बी-२ सिद्ध करायला डेल्फ ही परीक्षा असते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ गुण. एकूण १०० पैकी ५० हवेत आणि कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. लेखनात एका तासात किमान २५० शब्दांचं मतप्रदर्शन लिहायचं असतं. तोंडी परीक्षेआधी अर्धा तास तयारीला मिळतो, मग आपलं म्हणणं मांडून परीक्षकाशी वाद घालायचा असतो. आपली मुलं मार खातात ती इथे. व्याकरण चोख असतं, पण "तुमचं मत चुकीचं आहे" असं परीक्षक म्हणाला की ती गप्प होतात. मोठ्यांना उलट बोलू नये हे अंगवळणी पडलेलं असतं ना. सरावासाठी मुद्दाम कुणालातरी विरोधी बाजू घ्यायला लावा, निदान वीस-पंचवीस वेळा. डेल्फचं प्रमाणपत्र कायमचं असतं, टीसीएफ ही दुसरी फ्रेंच परीक्षा आणि आयईएलटीएस ही इंग्रजीची, या दोन्हींचा निकाल दोनच वर्षं चालतो. म्हणून डेल्फ लवकर द्या, आयईएलटीएस अर्जाच्या वर्षी. डेल्फची केंद्रं आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेची: पुणे, मुंबई आणि भुसावळकरांना रेल्वेने सोयीचं पडणारं भोपाळ.

खरी कसोटी मात्र लेखनाच्या पद्धतीची. दोन भाषा म्हणजे युक्तिवादाचे दोन वेगळे साचे. इंग्रजी निबंधात पहिल्याच परिच्छेदात आपलं म्हणणं ठोकून सांगायचं आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याचा पुरावा. फ्रेंच पद्धतीचा निबंध असा चालत नाही. तिथे प्रस्तावनेत विषयातली अडचण शोधून तिचा प्रश्न करायचा, मग मांडणीचा आराखडा जाहीर करायचा, मग दोन किंवा तीन मोठे भाग, प्रत्येकाचे दोन-तीन पोटभाग, आणि एका भागातून दुसऱ्यात नेणारी जोडवाक्यं. लेखकाची भूमिका हळूहळू उघडत जाते. समजा विषय आहे संयुक्त राष्ट्रांच्या "सुरक्षा परिषदेत सुधारणा". इंग्रजीत तुम्ही लिहाल: पाच कायम सदस्यांचा नकाराधिकार हा मुख्य अडसर आहे, कारण सनदेतली दुरुस्ती त्यांच्या संमतीशिवाय लागूच होत नाही. फ्रेंचमध्ये प्रश्न असा घ्यावा लागेल: १९४५ च्या सत्तारचनेवर उभी असलेली परिषद आज १९३ सदस्यांच्या वतीने बोलू शकते का? पहिल्या भागात तिची वैधता कुठून येते, दुसऱ्यात ती कुठे झिजते. एका साच्यातलं लिखाण दुसऱ्या भाषेत जसंच्या तसं उतरवलं की गुण जातात. शिक्षक शेरा मारतात, "आराखडा नाही", आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलं फ्रेंच कच्चं आहे.

फ्रान्समध्ये गुण २० पैकी देतात. १० म्हणजे उत्तीर्ण, १४ चांगले, १६ म्हणजे उत्तम. आपल्याकडे नव्वद टक्क्यांची सवय, म्हणून १३ आले की घरी सुतक. तसं करू नका, १३ हे बरे गुण आहेत.

वाचन आठवड्याला ३०० पानांच्या आसपास गृहीत धरा. सुरुवातीला फ्रेंच मजकूर तासाला पाच-सहा पानं सरकतो, कारण मूल मनात त्याचं इंग्रजी करतं आणि इंग्रजीचं मराठी. ही दुहेरी फेरी मोडायची तर टिपणं मजकुराच्याच भाषेत काढा, आणि वहीत तीन रकाने ठेवा: फ्रेंच, इंग्रजी, मराठी. सार्वभौमत्व, सत्तासंतुलन, निर्बंध, अनुसमर्थन अशा दोनेकशे संज्ञा पक्क्या झाल्या की वेग दुपटीने वाढतो. सरावाला सर्वांत उत्तम सामग्री फुकट आहे. संयुक्त राष्ट्रांचे ठराव सहाही अधिकृत भाषांत मिळतात, त्यातला एकच ठराव इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये शेजारी ठेवून वाचा. हा नुसता अभ्यास नाही, या क्षेत्रातलं कामच तसं चालतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकृत भाषा फ्रेंच आणि इंग्रजी, या दोनच आहेत. करारांच्या कायद्यावरच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारानुसार दोन भाषांत प्रमाणित झालेल्या तहाचे दोन्ही पाठ, वेगळं काही ठरलं नसेल तर, सारख्याच अधिकाराचे असतात. ज्याला दोन्ही वाचता येतात तोच वाद कुठे आहे ते पाहू शकतो. मला या शिक्षणाचं मोल वाटतं ते यासाठी.

अर्थशास्त्र विसरू नका. कला शाखेत गणित सोडलेल्या मुलांना पहिल्याच वर्षी सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र भेटतं, पुढे संशोधनपद्धतीत संख्याशास्त्र. दहावीचं बीजगणित आणि आलेख वाचणं एवढं ताजं ठेवलं तरी निभावतं.

फ्रेंचच का, असंही विचारतात. रावेर-यावलची केळी कंटेनरमधून आखाताकडे जाते, मग अरबी का नको? प्रश्न रास्त आहे, पण श्रम पाहा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी फ्रेंचला सुमारे ३० आठवडे धरते, अरबीला ८८. अकरावीत सुरू करून अरबीत पदवीचं माध्यम गाठणं बहुतेकांना शक्य नाही. फ्रेंच माध्यम आणि अरबी तिसरी भाषा, ही जोडी मला जास्त व्यवहार्य वाटते. घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, नवापूरकडे गुजराती असा वावर असलेल्या मुलांना भाषा बदलत बोलण्याचं भय नसतं. ही जमेची बाजू आहे, तिला कमी लेखू नका.

जायचं कुठे? टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठाचं ग्लेंडन हे इंग्रजी-फ्रेंच शिक्षणासाठीच उभारलेलं आवार आहे. तिथे चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १२० क्रेडिट लागतात, म्हणजे वर्षाला ३०. फ्रान्सच्या सियाँस पो या विद्यापीठाची पदवी तीन वर्षांची आणि तिसरं वर्ष परदेशात. तिच्या आवारांचे विभागच प्रदेशवार आहेत: ल आव्रमध्ये आशिया, मॉन्तोंमध्ये भूमध्यसागर आणि पश्चिम आशिया. परदेशी पदवी परवडत नसेल तर दिल्लीचा रस्ता आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सीयूईटी ही सामायिक प्रवेशपरीक्षा देऊन फ्रेंचची बी.ए. ऑनर्स करा, नंतर पदव्युत्तरला आंतरराष्ट्रीय अभ्यासाकडे वळा. ही एका पदवीतली द्विभाषिकता नव्हे, पण पाच वर्षांनी हाती जवळपास तेच येतं आणि खर्चाची तुलनाच नाही. ऐपत बेताची असेल तर मी हाच मार्ग सुचवतो.

पैशाचं कलम बहुतेकांचं जमिनीपाशी अडतं. बारा एकर बागायत असते, पण शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, कारण ती जप्तीच्या सरफेसी कायद्यातून वगळलेली आहे. बिनशेती प्लॉट किंवा स्वच्छ कागदपत्रांचं घर लागतं. गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका नसेल तर ते काम वर्षभर आधी काढा. कॅनडाने २०२४ च्या जानेवारीपासून विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर केली, नंतर आणखी वाढवली. फी आणि प्रवास त्याव्यतिरिक्त. समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, पहिल्या पदवीसाठी नाही. तिच्या भरवशावर बारावीनंतरचा बेत आखू नका.

राहिलं नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. आधारवर तिसराच क्रम. यातल्या एखाद्या अक्षराच्या फरकाने, "पाटील"च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडल्याने, अर्ज आणि व्हिसा आठवडेच्या आठवडे लटकतो. पासपोर्ट काढतानाच दहावीच्या गुणपत्रिकेचं स्पेलिंग प्रमाण धरा. डेल्फ आणि आयईएलटीएसची नोंदणी मात्र पासपोर्टवर आहे अगदी तशीच करा. गुणपत्रिकेत चूक असेल तर शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज दहावीच्या निकालानंतर लगेच द्या. बारावीपर्यंत थांबलात तर दोन गुणपत्रिका दुरुस्त कराव्या लागतील.