बाग तोडत का नाही?

"ताई, दोनदा गारपिटीनं धुतलं, मग द्राक्षाची बाग तोडत का नाही?" लग्नात, दहाव्याला, सोसायटीच्या ऑफिसात, दिंडोरीच्या एसटीतसुद्धा हे मला विचारून झालंय. दरवेळी मी काहीतरी अर्धवट बोलते आणि विषय बदलते. तुम्ही निवांत बसून विचारलंत, म्हणून सगळं सांगते.

माझी आई पिंपळगाव बसवंतकडच्या बागांत विरळणीला जायची. हातात छोटी कात्री, मान वर, हात वर, आणि दिवसभर तसंच उभं राहायचं. घडातले जादा मणी काढले की उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. सुट्टीच्या दिवशी मीही तिच्यासोबत जायची. मांडवाखालचा तो हिरवा उजेड माझ्या डोळ्यांत तेव्हाच बसला. संध्याकाळी परतताना आईच्या मानेला तेल चोळायची आणि मनात म्हणायची, एक दिवस आपली बाग. अर्धा एकर का होईना, पण आपली.

त्यासाठी चाळिशी उजाडली. सासरचं दीड एकर होतं, त्यात टोमॅटो नाहीतर कांदा. ह्यांचा होकार मिळायलाच कितीतरी वर्षं गेली. मग कर्ज, लोखंडी अँगल, तारा, ठिबक. २०१२ च्या जानेवारीत डॉगरीजचे खुंट, म्हणजे कलमासाठीची मूळझाडं, लावली आणि ऑगस्टमध्ये त्यांवर थॉमसन या द्राक्षाच्या जातीचं कलम भरलं. द्राक्ष म्हणजे पैसा, असं लांबून वाटतं. पहिला माल हातात यायला दोन वर्षं लागतात आणि तोवर नुसतं घालतच राहायचं असतं. २०१३ च्या ऑक्टोबरला पहिली गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, केली. घड आले, मण्यांत पाणी उतरून ते पिकायला लागले, व्यापारी बघून गेला, भाव ठरला.

आणि मार्च २०१४ ची गारपीट झाली.

दहा-बारा मिनिटांत संपलं. बाहेर आले तर जमीन पांढरी, आणि सगळीकडे फुटलेल्या मण्यांचा गोड वास. तो वास आजही आला की पोटात खड्डा पडतो. मी वेड्यासारखी खाली पडलेले घड पाटीत भरत होते. आई तेव्हा माझ्याकडेच होती. ती घडांकडे बघतसुद्धा नव्हती. एकेका झाडापाशी थांबून ओलांड्यावरून, म्हणजे तारेवर धरलेल्या आडव्या फांदीवरून, हात फिरवत चालली होती. शेवटच्या ओळीतून परत येऊन म्हणाली, "साल फाटलीय, पण ओलांडा जिता आहे. एप्रिलला खरडून टाक."

हे कळायला द्राक्षाचं एक गणित माहीत असावं लागतं. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या होतात, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी. घड दिसतो ऑक्टोबरनंतर, पण तो ठरतो उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे पुढचा कोंब फुटतो त्या जागी, पुढचा घड तयार होऊ लागतो. बाहेरून नुसती पानं दिसतात. त्या दिवसांत ढगाळ राहिलं, पाणी जास्त झालं, तर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता वेलीचा ताणा, निघते. म्हणून पीक हातचं गेलेल्या वर्षीही उन्हाळ्यात बागेची निगा सोडता येत नाही. खिशात काही नसताना पुढच्या वर्षासाठी खर्च करावा लागतो. आम्ही केला. माझं मंगळसूत्र त्या वर्षी गहाण होतं.

२०२० ला माल तयार आणि टाळेबंदी लागली. नात्यातल्या एकांच्या शेडवर बेदाणा केला. चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा किलोभर बेदाणा मिळतो. तोटा झालाच, पण माल मातीत गेला नाही.

मग २६ नोव्हेंबर २०२३. मणी ज्वारीएवढे होते. गारांतून वाचलेल्या घडांना नंतर कुज लागली, पानांवर डाऊनी हा बुरशीचा रोग आला. आई तोवर गेली होती. या वेळी ओलांड्यांवरून हात फिरवत मी एकटीच चालले. घरात मोठं भांडण झालं. बाग तोडू या, हे ह्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी अर्धी बाग तोडली, तिथे आता टोमॅटो आहे. प्लास्टिकचं आच्छादन एकरी लाखांत जातं, ते आमच्या आवाक्यात नाही. राहिलेल्या पाऊण एकरावर पुन्हा गारा पडू शकतात, हे मला माहीत आहे.

पण परवा छाटणीआधी काड्या तपासायला प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथल्या मुलीनं ब्लेडनं डोळा चिरला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाली, "काकू, तुम्हीच बघा." इतकी वर्षं बाग केली, पण मी हे कधी पाहिलं नव्हतं. मोहरीहून कितीतरी बारीक, पांढरट, पण घडच. आईनं साल चाचपून ओळखलं होतं ते मला तिथे दिसलं. मी इतका वेळ वाकून राहिले की मागचे लोक खोळंबले.

तिनं कागदावर लिहून दिलं, पाचव्या डोळ्यावर घड आहे, सहावा राखून छाटा. मी घरी येऊन छाटणीवाल्यांना फोन केला.