फील्डमधून घरी, आणि पत्नीची दोन नावे : माझा अनुभव

फील्ड, म्हणजे सीमेवरची तैनाती, सोडून घरी जाण्याचा निर्णय घ्यायला मला एक रात्र पुरली, पण निवृत्तीच्या कागदांवर माझ्या पत्नीचे नाव बरोबर उमटायला जवळजवळ अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. त्यामुळे या लेखात बाकीच्या टप्प्यांना जागा कमी मिळेल, हे आधीच सांगून ठेवतो.

कारगिलचे युद्ध संपले त्याच वर्षी, डिसेंबर 1999 मध्ये, मी पायदळात भरती झालो. हवालदाराला 24 वर्षांची सेवा असते आणि स्क्रीनिंगमध्ये पात्र ठरल्यास आणखी दोन वर्षे वाढवून मिळतात. फेब्रुवारी 2022 मध्ये कुपवाड्यात गस्तीवरून परतताना उतारावर माझा उजवा गुडघा वळला आणि मी खालच्या मेडिकल कॅटेगरीत, टी-24 मध्ये, म्हणजे 24 आठवड्यांच्या तात्पुरत्या श्रेणीत गेलो. आजारपणाच्या रजेवर नागपूरला होतो, तेव्हा कामठीच्या सैनिकी रुग्णालयात तपासणी झाली, व्यायाम दिले गेले आणि ऑगस्टमध्ये मला पुन्हा शेप-1, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी, मिळाली. कागदावर मी ठणठणीत झालो होतो. गुडघ्याला मात्र ते कोणी कळवले नव्हते.

त्या हिवाळ्यात कंबरभर बर्फातून चढताना माझ्या मागे चालणारा, माझ्या मुलाहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा असलेला एक शिपाई काही न बोलता पुढे आला आणि हळूच म्हणाला, "उस्ताद, पिट्ठू इधर दो." मी दिला नाही. पण प्लाटून हवालदाराचे ओझे घेण्याची गरज शिपायाला वाटली, ही गोष्ट त्या रात्री बंकरमध्ये बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ, बसून बूट वाळवताना डोक्यातून जाईना. वाढीव सेवेची इच्छा आहे की नाही हे लेखी मागवले गेले, तेव्हा मी अनविलिंगनेस, म्हणजे नकार, लिहून दिली. कमांडिंग ऑफिसर साहेबांनी मला बोलावून घेतले आणि ट्रेनिंग सेंटरची, म्हणजे सीमेपासून दूरची 'पीस'ची, पोस्टिंग मिळू शकेल, दोन वर्षे आणखी काढ, असे आपुलकीने सांगितले. मी नाही म्हणालो. ज्या जागी मी पुढे चालत होतो तिथे मागे पडायचे नव्हते, आणि जिथे चालावेच लागत नाही तिथे बसून राहायचेही नव्हते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. माझी मुदत पूर्ण होत होती, म्हणून माझी निवृत्ती मुदतीअंती झालेली निवृत्ती ठरली. मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून जाणाऱ्या जवानाला 15 वर्षे झाली असल्यास निवृत्तिवेतन मिळते, परंतु 7 नोव्हेंबर 2015 च्या आदेशानुसार त्यापुढे अशा प्रकारे जाणाऱ्यांना वन रँक वन पेन्शनचा, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शनचा, लाभ नाही. रागाच्या भरात अर्ज लिहायला बसणाऱ्याने आधी आपली मुदत मोजावी.

आता मूळ दुखण्याकडे येतो. 2006 मध्ये माझे लग्न झाले आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पत्नीचे नवे नाव ठेवले गेले. ग्रामपंचायतीच्या विवाह नोंदीत तेच नाव गेले, आणि मी युनिटमध्ये परतल्यावर लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या नोंदीत असा बदल चढवणारा आदेश, निघाली तीही त्याच नावाने. पुढे तिचे पॅन, बँकेचे खाते, आधार, सगळे शाळेच्या दाखल्यावरून, म्हणजे माहेरच्या नावाने तयार झाले. घरात तिला सगळे सासरच्या नावाने हाक मारत होते, बँकेत ती माहेरच्या नावाने सही करत होती, आणि सतरा वर्षे यात कोणाचेही काही अडले नाही. चूक माझीच होती. किंड्रेड रोल, म्हणजे कुटुंबीयांच्या नोंदीचा कागद, दर वर्षी समोर येत असे आणि मी न वाचता सही करत असे.

जानेवारी 2023 मध्ये पेन्शनचे कागद भरायला घेतले, तेव्हा क्लार्कने दोन्ही नावे शेजारी शेजारी ठेवली. स्पर्श या सैन्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत पत्नीची माहिती आधार आणि पॅनशी जुळायला हवी. नाही जुळली तर माझ्या पश्चात तिला मिळणारे कौटुंबिक निवृत्तिवेतन अडणार. त्याचा साधा दर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असतो. माझ्या नावाला काहीही होणार नव्हते. अडचण होणार होती ती मी नसल्यावर, आणि तीही तिला. मग दुरुस्ती पुढे ढकलणे शक्य नव्हते.

रस्ता ऐकायला सरळ होता : दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करायचे, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल छापून आणायचा, ते युनिटमार्फत पाठवून नवी पार्ट टू ऑर्डर काढून घ्यायची. मार्चमध्ये हे सारे जोडून पाठवले. एप्रिलच्या शेवटी वरच्या कार्यालयातून ऑब्झर्वेशन, म्हणजे आक्षेपाचे पत्र, आले की, प्रतिज्ञापत्र पत्नीचे आहे, जवानाचेही हवे. ते पाठवले. दुसरे ऑब्झर्वेशन आले की, झेरॉक्सवर अधिकाऱ्याची सही आहे, परंतु गोल शिक्का नाही. तोही मारून पाठवला. तिसरे आले, आणि ते वाचून मी हसलो की ओरडलो हे आता आठवत नाही : राजपत्रात नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'ए' आहेत, आधारमध्ये एक आहे.

मला राग त्या 'ए'चा नव्हता. तो 'ए' पहिल्या दिवसापासून तिथेच होता. पहिल्या वेळी फाइल उघडणाऱ्याने शेवटच्या पानापर्यंत वाचली असती, तर तिन्ही आक्षेप एकाच पत्रात आले असते आणि चार महिने वाचले असते. प्रत्येक पत्र खाली उतरायला आणि वर चढायला पंधरा-वीस दिवस घेत होते. माझी डिस्चार्जची तारीख 31 डिसेंबर 2023 ठरलेली होती, ती कोणासाठी थांबणार नव्हती.

त्याआधीच, मे महिन्यात, दुसरे प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदीचा नवा उतारा मिळवण्यासाठी मी वीस दिवसांच्या रजेवर नागपूरला आलो होतो. पारा 44 च्या पुढे होता, आईने ऊन लागू नये म्हणून माझ्या खिशात कांदा ठेवला होता, आणि पत्नी डोक्याला दुपट्टा गुंडाळून माझ्या मागे स्कूटरवर. एका कार्यालयात आम्ही ओळीने चार दिवस गेलो. खिडकीतल्या कूलरची खस कोरडी पडली होती, त्यामुळे आत बाहेरचीच लू येत होती. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद, दुसऱ्या दिवशी सही करणारे साहेब बैठकीला, तिसऱ्या दिवशी जेवणाची सुटी साडेतीनपर्यंत लांबली. मी आवाज चढवला तेव्हा टेबलामागचे गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "फौजी, सीमेवर महिने महिने उभे राहता नं, इथं दोन तास उभं राहाले काय होते?" पत्नीने माझा हात धरून मला बाहेर आणले. पायरीवर बसून पाणी पिताना ती म्हणाली, "अहो, उखाण्यात तुमचं नाव घ्यायला सगळ्यांनी मला चारदा उभं केलं. माझं नाव काय ठेवायचं हे मात्र कोणी मला विचारलं नाही." मला उत्तर सुचले नाही. चौथ्या दिवशी उतारा मिळाला. शिक्का इतका ओला होता की पहिली झेरॉक्स निळ्या डागासारखी आली.

शेवटी दुरुस्त स्पेलिंगचे राजपत्र ऑगस्टमध्ये निघाले. या वेळी मी फाइल टपालाने एकटी जाऊ दिली नाही. एक जवान त्याच दिशेने रजेवर निघाला होता, त्याच्या हाती ती दिली, वर सगळ्या कागदांची क्रमवार यादी लावली आणि पोच सही करून आणायला सांगितली. हे मी मार्चमध्येच करायला हवे होते. नोव्हेंबरच्या अखेरीस पार्ट टू ऑर्डर निघाली. ट्रेनिंग सेंटरची पोस्टिंग नाकारताना जो अभिमान वाटला होता, त्यापेक्षा त्या एका ओळीच्या ऑर्डरने मला जास्त हलके वाटले.

बाकीचे सहज झाले. रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे निवृत्तीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, दोन दिवसांत आटोपला. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेसाठी हवालदारापर्यंतच्या श्रेणीला एकदाच 30,000 रुपये भरावे लागतात, तेही झाले. पेन्शनची विक्री, म्हणजे तिचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेणे, किती करायची यावर मात्र घरी वाद झाला : 50 टक्क्यांपर्यंत करता येते आणि विकलेला भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो. मी मुलीचे शिक्षण पाहून पूर्ण 50 टक्के केली. ज्याच्यावर कर्ज नाही त्याने घाई करू नये असे मला आता वाटते. नागपूरला आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक म्हणून नाव नोंदवायला अर्धी सकाळ लागली, आणि परतताना आम्ही दोघांनी तर्री पोहे खाल्ले.

पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, आला तेव्हा पत्नीने चष्मा लावून आपले नाव दोनदा वाचले, आणि चष्मा माझ्याकडे देत म्हणाली, "एकदा तुम्ही 'ए' मोजा." एकच होता.

एक सांगायचे राहून गेले. मुलांच्या जन्माच्या पार्ट टू ऑर्डरवर आईचे नावही असते. पत्नीची दुरुस्ती करताना त्या दोन्ही ऑर्डर काढून पाहाव्यात. मी पाहिल्या नव्हत्या, आणि मुलीच्या ऑर्डरवर अजूनही सासरचेच नाव आहे. त्याचा अर्ज मागच्या आठवड्यात दिला.