वहीतला तिसरा रकाना

प्रवासाला निघताना मी एक शंभर पानी वही सोबत ठेवते. बँकेतल्या नोकरीने लावलेली ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. ज्या शहरात जाईन तिथल्या चार गोष्टींचे दर मी त्या वहीत लिहिते: चहाचा किंवा कॉफीचा एक कप, शहरातल्या बसचे, ट्रामचे किंवा मेट्रोचे सर्वांत कमी पल्ल्याचे तिकीट, पाण्याची एक लिटरची बाटली आणि केस कापण्याची मजुरी. शेवटचा दर मिळवणे सोपे जाते, कारण माझ्या यजमानांना कोणत्याही मोठ्या प्रवासात एकदा तरी न्हाव्याकडे जायचे असते. पहिली नोंद २०१२ सालची, टोकियोची आहे. तेव्हापासून वहीत दोन रकाने होते, एकात तिथल्या चलनातली किंमत आणि दुसऱ्यात तिचे रुपये. तिसरा रकाना मे २०२४ मध्ये जिनिव्हात वाढला, आणि त्यानंतर आधीच्या दोन रकान्यांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

जिनिव्हात आम्ही भाचीकडे उतरलो होतो. पहिल्याच दिवशी स्टेशनजवळ घेतलेली कॉफी साडेचार फ्रँकची होती, ट्रामचे एका तासाचे तिकीट तीन फ्रँकचे होते, आणि दोन दिवसांनी यजमानांनी केस कापून घेतले तेव्हा त्यांना पंचेचाळीस फ्रँक द्यावे लागले. फ्रँक तेव्हा ९२ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे कॉफी चारशे रुपयांहून अधिक, ट्राम पावणेतीनशेची आणि केस कापणे चार हजारांच्या वर. रात्री जेवताना मी हे आकडे वाचून दाखवले, तेव्हा भाची शांतपणे म्हणाली, "मावशी, तो न्हावी त्याचे घरभाडे रुपयांत भरत नाही." मग तिने सांगितले की जिनिव्हा प्रांतात २०२० च्या सार्वमतानंतर किमान वेतन कायद्याने ठरलेले आहे आणि २०२४ मध्ये ते ताशी २४.३२ फ्रँक होते. मी वही पुढे ओढली आणि भागाकार केला. त्या किमान वेतनावर काम करणाऱ्या माणसाला कॉफीसाठी सुमारे अकरा मिनिटे आणि ट्रामच्या तिकिटासाठी साडेसात मिनिटे राबावे लागते. ही मिनिटे लिहायला मी वहीत तिसरा रकाना आखला.

हाच हिशेब घरचा करून पाहावा असे साहजिकच वाटले. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ या वर्षासाठी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर ताशी साधारण सदतीस रुपये होतात. नाशिकला आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग चहा दहा रुपयांना मिळतो, म्हणजे रोजगार हमीवर खड्डे खणणाऱ्या माणसाला त्या चहासाठी सोळा मिनिटे खणावे लागते. मी तो भागाकार पुन्हा करून पाहिला, उत्तर तेच आले. जो चहा मला स्वस्त वाटतो, तो या मजुराला जिनिव्हाच्या किमान वेतनावरच्या कामगाराला पडणाऱ्या कॉफीपेक्षा महाग पडतो. रुपयांच्या रकान्यात ही गोष्ट दिसणे शक्यच नव्हते, कारण तो रकाना फक्त माझ्या पेन्शनची भाषा बोलतो.

केस कापण्याच्या हिशेबाने तर मला थक्क केले. जिनिव्हातले पंचेचाळीस फ्रँक म्हणजे किमान वेतनाची एकशे अकरा मिनिटे. माझ्या माहेरच्या गावी न्हावी ऐंशी रुपये घेतो, ते रोजगार हमीच्या दराने एकशे एकोणतीस मिनिटांचे होतात. रुपयांत पाहिले तर दोन्ही किमतींत पन्नास पटींचा फरक आहे, आणि मिनिटांत पाहिले तर दोन्ही जवळजवळ शेजारी येऊन बसतात. त्याचे कारणही कळण्यासारखे आहे. डोके सगळीकडे एकाच मापाचे असते आणि कात्री चालवायला लागणारा वेळ देश बदलल्याने कमी होत नाही.

अर्थशास्त्रात या गोष्टीचा विचार फार पूर्वी झालेला आहे. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली, आपापल्या स्वतंत्र लेखांत, हे मांडले की जो माल जहाजात भरून दुसऱ्या देशात नेता येतो त्याची किंमत सगळीकडे एकमेकींच्या जवळ येत जाते, पण केस कापणे, रिक्षा चालवणे, खोली झाडणे ही कामे जहाजात भरता येत नाहीत. कारखान्यांची उत्पादकता वाढलेल्या देशात मजुरी वाढते, आणि तिथल्या न्हाव्याला कारखान्यातल्या कामगाराच्या तोडीची मिळकत मिळाली नाही तर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल, म्हणून त्याचाही दर वाढतो. मोबाइल फोन दोन्ही देशांत जवळपास सारख्याच किमतीला पडतो आणि न्हाव्याचा दर मात्र पन्नास पट होतो, याचे उत्तर एवढ्यात आहे. सगळ्या जगातल्या किमती एकत्र मांडून हा फरक मोजण्याचे काम जागतिक बँक करते. २०१७ च्या फेरीत एका डॉलरची खरेदीशक्ती भारतात २०.६५ रुपयांएवढी निघाली, तर त्याच वर्षी बाजारात डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. आपल्याकडे येणाऱ्या अमेरिकी पाहुण्याला खिशातले पैसे तिप्पट झाल्यासारखे का वाटते आणि आपल्याला तिकडे गेल्यावर खिसा आक्रसल्यासारखा का वाटतो, हे या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरातून कळते.

आता टोकियोविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्या शहराची नोंद माझ्याकडे दोनदा आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात टोकियो मेट्रोचे सर्वांत कमी तिकीट १६० येनचे होते आणि येन सुमारे ६७ पैशांना पडत होता, म्हणजे तिकिटाचे १०७ रुपये झाले. २०२४ च्या नोव्हेंबरात तेच तिकीट १८० येनचे झाले होते, पण येन ५५ पैशांवर आला होता, म्हणजे ९९ रुपये. बारा वर्षांत तिकीट येनमध्ये वाढले आणि रुपयांत उतरले. अमेरिकी प्रवाशाला तर ते याहून उतरलेले दिसेल, कारण २०१२ मध्ये डॉलरला ऐंशीच्या आसपास येन मिळत आणि २०२४ मध्ये दीडशेहून अधिक मिळू लागले. अमेरिकेने २०२२ पासून व्याजदर झपाट्याने वाढवले आणि जपानच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२४ पर्यंत तो उणे ठेवला, तेव्हा पैसा येनमधून निघून डॉलरकडे गेला. आपला रुपयाही या काळात डॉलरपुढे घसरला असल्यामुळे अमेरिकी माणसाला झाला तेवढा लाभ आपल्याला झाला नाही. तरीही आपल्या दृष्टीने मोठा बदल घडला तो घरच्या महागाईमुळे. आपला ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ ला शंभर धरला तर २०२४ मध्ये १९० च्या घरात होता. पहिल्या खेपेला मी टोकियोत प्रत्येक तिकिटाला दचकत होते. दुसऱ्या खेपेला दचकले नाही, आणि त्याचे श्रेय जपानला जेवढे आहे त्याहून अधिक नाशिकच्या भाजीबाजाराला आहे.

त्याच शहरात मला एक पद्धत फार आवडली. एप्रिल २०२१ पासून तिथल्या दुकानदारांवर करासहित पूर्ण किंमत दाखवण्याचे बंधन आहे. आपल्याकडे बंद पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि ती पाहूनच आपण लहानाचे मोठे झालो, त्यामुळे ही सोय किती मोठी आहे याची जाणीव बाहेर गेल्यावरच होते. अमेरिकेत फळीवर एक किंमत आणि गल्ल्यावर कर धरून दुसरी किंमत असते, आणि उपाहारगृहात त्यावर बक्षिसीची भर पडते. नवख्या माणसाला तिथे आपण नेमके किती देणार आहोत हे शेवटपर्यंत कळत नाही.

छापील किमतीचे आपले संरक्षणही सगळीकडे पुरत नाही, हेही नमूद केले पाहिजे. उपाहारगृहात बसून पाण्याची बाटली मागितली तर तिथे पाण्यासोबत सेवाही विकली जाते, म्हणून छापील किमतीपेक्षा अधिक पैसे घेता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. रेल्वेच्या फलाटावर मात्र रेल नीरची एक लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून पंधराऐवजी चौदा रुपयांना मिळते. विमानतळावरच्या चहाविषयी प्रवाशांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा देणारे उपाहारगृह सुरू झाले, आणि पुढे तशी उपाहारगृहे इतर काही विमानतळांवरही निघाली. मला हे मनापासून योग्य वाटते. सुरक्षा तपासणीनंतर प्रवासी बाहेर जाऊ शकत नाही, आणि जिथून ग्राहकाला उठून जाता येत नाही तिथल्या दराला बाजारभाव म्हणणे मला पटत नाही.

परक्यांसाठी वेगळा दर लावण्याची पद्धत हा सर्वांत नाजूक विषय आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बँकॉकचा राजवाडा पाहताना आम्ही माणशी ५०० बात, म्हणजे बाराशेच्या घरात रुपये भरले, आणि थाई नागरिक शेजारच्या वाटेने विनामूल्य आत जात होते. पुढे यजमानांचे एक जपानी सहकारी सपत्निक आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना घेऊन आम्ही वेरूळला गेलो. फलकावर भारतीयांसाठी चाळीस आणि परदेशी पाहुण्यांसाठी सहाशे रुपये लिहिले होते. त्या गृहस्थांनी काही न बोलता पैसे भरले, पण मला त्यांच्याकडे पाहावेना. नंतर कैलास लेण्याच्या प्रांगणात उभ्या उभ्या त्यांनीच विषय काढला आणि म्हणाले की या दगडाची राखण तुमच्या करांतून होते, तेव्हा तुम्ही तुमचा वाटा आधीच भरलेला आहे. मला तो विचार मान्य आहे, मात्र दोन्ही दर उघडपणे आणि दोघांनाही वाचता येतील अशा लिपीत लिहिलेले असावेत. थायलंडमध्ये स्थानिकांचा दर फक्त थाई अंकांत लिहिण्याची जी रीत अनेक ठिकाणी दिसते, ती मला खटकली.

वेरूळच्या त्याच फलकावर आणखी एक ओळ आहे, जी बहुतेक जण वाचत नाहीत. सार्क (दक्षिण आशियातले देश) आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतालचे देश) या गटांतल्या देशांच्या नागरिकांना आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत भारतीयांचाच दर लागतो, आणि बिमस्टेकमध्ये थायलंडही येतो. म्हणजे थाई माणूस वेरूळला चाळीस रुपये भरतो आणि आपण बँकॉकला ५०० बात भरतो. हे वाचल्यावर मला राग आला नाही, उलट थोडा अभिमान वाटला. बौद्ध लेणी पाहायला दुरून आलेल्या माणसाला आपण घरचा मानतो, हे मला आवडले.

आता एक नोंद घराजवळची. गेल्या हिवाळ्यात आम्ही राजगडावर गेलो होतो. पायथ्याच्या गुंजवणे गावात लिंबू सरबताचा पेला वीस रुपयांना होता आणि पद्मावती माचीवर तोच तीस रुपयांना. नेपाळमध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ला गावाच्या पुढे मोटार जात नाही, नामचे बाजार ३,४४० मीटरवर आहे आणि गोरक्षेप ५,१६४ मीटरवर, आणि तिथपर्यंत जवळजवळ प्रत्येक बाटली माणसाच्या किंवा जनावराच्या पाठीवरून जाते, म्हणून वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला तिचा भाव चढत जातो. तिथे कोणी त्याबद्दल वाद घालताना मी पाहिले नाही. राजगडावर मात्र आमच्या पुढे उभी असलेली पुण्याची चार-पाच तरुण मुले त्या बाईंशी पाच रुपयांसाठी बराच वेळ घासाघीस करत होती. त्यांच्या पायांतल्या बुटांची किंमत मला अंदाजाने ठाऊक होती, पण मी काही बोलले नाही, आणि न बोलल्याची रुखरुख अजून आहे.

मुले गेल्यावर मी बाईंशेजारी बसले. शनिवार-रविवारी पंचवीसेक पेले खपतात, असे त्या म्हणाल्या. चढणीपोटी पेल्यामागे मिळणारे वरचे दहा रुपये धरले तर दिवसाचे अडीचशे होतात, म्हणजे रोजगार हमीच्या २९७ रुपयांहूनही कमी, आणि त्यासाठी लिंबे, साखर, पेले आणि पाण्याचा कॅन डोक्यावर घेऊन गड चढायचा. मी वही काढली आणि पहिले दोन रकाने भरले. तिसऱ्यात काय लिहावे ते सुचेना, म्हणून मी त्यांनाच विचारले की वर यायला तुम्हाला किती वेळ लागतो. त्यांनी सांगितले तेच लिहिले: चढायला दीड तास, उतरायला एक.