ॲरन, आयला, किनटायर : बोटी ठरल्या, आता बाकीचं

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲरन आणि आयला ही बेटं आणि किनटायर हे द्वीपकल्प, अशी गोल्फ आणि व्हिस्कीची सहल आखतो आहोत. मागच्या नोंदीत नुसता कच्चा मार्ग होता. आता मेच्या मधल्या आठवड्यांतल्या फेरीबोटींची तिकिटं हातात आहेत, मोठ्या दोन गोल्फ कोर्सेसचे टी टाइम (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळा) मिळाले आहेत आणि डिस्टिलरींपैकी निम्म्या ठरल्या आहेत. चौघे जण, एक गाडी, सुरुवात आणि शेवट ग्लासगोला.

ज्यांना अशीच सहल आखायची आहे त्यांनी बुकिंगचा क्रम उलटा करू नये. बहुतेक जण आधी आवडत्या डिस्टिलरीची वेअरहाउस टेस्टिंग (गोदामात पिंपांतल्या व्हिस्कीचे नमुने चाखणं) पकडतात, मग त्याभोवती बाकीचं जुळवायला बसतात. बेटांवर ते चालत नाही. आधी बोटीवर गाडीची जागा, त्याच बैठकीत मुक्काम, मग टी टाइम आणि सगळ्यात शेवटी डिस्टिलरी. टेस्टिंग दुसऱ्या दिवशी ढकलता येते, टी टाइम दोन तास मागेपुढे होतो. पण आयलाच्या बोटीचा कारडेक, म्हणजे गाड्यांचा मजला, उन्हाळ्यात भरला की भरला. पायी जाणाऱ्या प्रवाशाला सहसा जागा मिळते, अडते ती गाडी. म्हणून फेरीबोटी चालवणाऱ्या कॅलमॅक कंपनीचं उन्हाळी वेळापत्रक बुकिंगला खुलं होताच पहिलं तिकीट गाडीचं काढायचं. बुकिंगच्या वेळी गाडीची लांबी विचारतात. भाड्याच्या गाडीचं नेमकं मॉडेल आधी कळत नाही, तेव्हा त्या वर्गातल्या सर्वात लांब गाडीचा आकडा धरावा. ऑटोमॅटिक हवी असेल तर तीही लवकर सांगावी लागते, आणि गाडी बोटीवर न्यायला कंपनीची परवानगी आहे ना हे करारात वाचून घ्यावं. भारतीय लायसन्सवर तिथे 12 महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. रस्ता आपल्यासारखाच डावीकडचा.

महिना मे का, यावर बरीच चर्चा झाली होती. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एप्रिल ते जून हा त्यातल्या त्यात कोरडा काळ. मेच्या मध्यावर सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे दुपारची टेस्टिंग उरकूनही किनाऱ्यावर फिरायला उजेड उरतो. चावणाऱ्या चिलटांचा, म्हणजे मिजचा, खरा जोर जूनपासून. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र आयलावर फेश ईला हा व्हिस्की महोत्सव असतो. महोत्सवासाठीच जायचं असेल तर वेगळं, पण गोल्फही हवा असेल तर तो आठवडा टाळलेलाच बरा. खोली, बोट, टॅक्सी काहीच हाती लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अनेक डिस्टिलरी वार्षिक दुरुस्तीसाठी भट्ट्या थंड ठेवतात. टूर मिळते, पण चालू स्टिलची (ऊर्ध्वपातनाच्या भांड्याची) ऊब आणि वॉशबॅकमधला (आंबवण्याच्या टाकीतला) फेस बघायला मिळत नाही.

मार्ग असा. ग्लासगोहून ॲरन, ॲरनच्या उत्तर टोकावरच्या लॉखरान्झाहून छोट्या बोटीने क्लूनेग, तिथून बी8001 या अरुंद रस्त्याने साधारण 8 किलोमीटरवर केनाक्रेग, केनाक्रेगहून आयला. परतताना पुन्हा केनाक्रेग आणि तिथून दक्षिणेला किनटायरमधलं कॅम्पबेलटाउन. किनटायर हे बेट नाही, मग ते कशाला, असा प्रश्न आला होता. एक तर मॅख्रिहॅनिश हा गोल्फ कोर्स आणि स्प्रिंगबँक ही डिस्टिलरी, दोन्ही तिथेच आहेत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते मुख्य भूमीवर आहे. वाऱ्यामुळे किंवा बिघाडामुळे आयलाची बोट रद्द झाली तर किनटायरचा एक दिवस जाईल, परतीचं विमान नाही. आयला शेवटी ठेवून दुसऱ्या दिवशी विमान धरणारे बेत धोक्याचे असतात. बेट मधे, मुख्य भूमी शेवटी.

ॲरनच्या तिकिटात एक फसगत संभवते. ॲरनवरच्या ब्रॉडिकला जाणारी बोट वर्षानुवर्षं मुख्य भूमीवरच्या आर्ड्रोसनहून सुटायची. आता ट्रूनहूनही सुटते. दोन बंदरांत गाडीने अर्ध्या तासाचं अंतर आहे, तेव्हा तिकिटावरचं बंदर वाचूनच गाडी हाकावी. आयलाचंही तेच. पोर्ट एलन आणि पोर्ट आस्केग ही दोन टोकांची दोन बंदरं, आणि ऐनवेळी बोट एकाऐवजी दुसऱ्याला लागू शकते. मुक्काम पोर्ट एलनला असेल आणि बोट आस्केगला लागली तर गाडी असणाऱ्याला अर्ध्या-पाऊण तासाचा फेरा पडतो. पायी आलेल्याची मात्र पंचाईत. लॉखरान्झा-क्लूनेग हा मार्ग रांगेत गाडी लावून चढण्याचा. त्या दिवशी आयलाची बोट गाठायची असेल तर मधे किमान दोन फेऱ्यांचं अंतर ठेवायचं. आम्ही ॲरनहून सकाळची धरली आहे आणि केनाक्रेगहून संध्याकाळची.

ॲरनवर सात गोल्फ कोर्सेस आहेत. त्यातला एकच खेळायचा असेल तर ब्लॅकवॉटरफुटचा शिस्किन. 12 होलचा कोर्स, 3,000 यार्डांच्या आतबाहेर, आणि तरीही त्याच्यासाठी वाट वाकडी करावी असा. तिसरं होल, क्रोज नेस्ट, पार 3 (तीन फटक्यांत संपवायचं), अंतर 130 यार्डांच्या आसपास. पण ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) वर कड्याच्या खांद्यावर आहे आणि टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, त्याचा पृष्ठभाग दिसत नाही. कमी पडलेला चेंडू उतारावरून परत खाली येतो. तिथे एक क्लब जास्त, म्हणजे चेंडू आणखी लांब नेणारी काठी, घ्यायचा आणि झेंड्याच्या मागचा भाग धरायचा. बारा होल अडीच तासांत होतात, त्यामुळे दुपारी दक्षिण टोकाची लॅग डिस्टिलरी बसते. लॅग 2019 मध्ये सुरू झाली आणि तिथे पीटचा (दलदलीतल्या, जळणाला वापरायच्या मातीचा) धूर दिलेला माल बनतो. 1995 ची लॉखरान्झा डिस्टिलरी मुख्यत्वे बिनधुराची. दोन्ही एकाच बेटावर चाखल्या की जिभेला पुढच्या आयलाची तयारी होते. ही तयारी गोव्याच्या पॉल जॉन व्हिस्कीच्या पीटेड बाटलीवर घरीही करता येईल, फक्त शेजारी त्यांचीच बिनपीटची ठेवावी.

आयलावरचा दिवस रचताना एकच नियम पाळला आहे: गोल्फ सकाळी गाडीने, व्हिस्की दुपारी पायी. स्कॉटलंडमध्ये 2014 पासून गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात 100 मिलिलीटरला 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. इंग्लंडमध्ये ती मर्यादा 80 आहे, भारतात 30. हिशोब करून बघा. वेअरहाउस टेस्टिंगमध्ये 15 मिलिलीटरचे पाच नमुने, सरासरी 55 टक्के धरले तर सुमारे 41 मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. आपल्याकडच्या 42.8 टक्क्यांच्या 60 मिलिलीटरच्या लार्जमध्ये ते 26 च्या आत असतं. म्हणजे नाकाने हुंगत, थोडं थोडं घेत म्हणता म्हणता दीड लार्जच्या वर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टिअरिंगवर बसणाऱ्यालाही हा हिशोब लागू आहे. चालकासाठी बहुतेक डिस्टिलरी नमुने छोट्या बाटल्यांत भरून देतात; बुकिंग करतानाच चालक कोण ते कळवायचं.

दक्षिण किनाऱ्याचा दिवस त्यामुळे असा. सकाळी मॅख्री लिंक्सवर (लिंक्स म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरचा गोल्फ कोर्स) पहिल्या तासाभरातला टी टाइम. 1891 चा विली कॅम्पबेलचा कोर्स, डी. जे. रसेल यांनी अलीकडे नव्याने मांडलेला. जुन्या मॅख्रीवर आंधळे (लक्ष्य न दिसता मारायचे) फटके फार होते, ते आता बरेच कमी झालेत. दुपारपर्यंत गाडी पोर्ट एलनच्या मुक्कामी सोडायची आणि टॅक्सीने थेट आर्डबेग डिस्टिलरी. सगळे पोर्ट एलनहून चालत निघतात आणि आर्डबेगला पोहोचल्यावर परतीची सोय शोधतात. उलट करावं. आर्डबेगहून लागावूलिन, तिथून लाफ्रॉइग, तिथून पोर्ट एलन, सगळं मिळून 5 किलोमीटर. रस्त्याला लागून पक्की पायवाट आहे आणि पावलं घराच्याच दिशेने पडतात. टॅक्सी मात्र आदल्या दिवशीच सांगायची, बेटावर त्या मोजक्याच. एका दुपारी तिन्ही टूर करण्याचा हट्ट धरू नये; पाच वाजता दारं बंद व्हायला लागतात. आर्डबेगला जेवण आणि एखादा ड्रॅम (व्हिस्कीचा छोटा पेग), लागावूलिनला वेअरहाउस टेस्टिंग, लाफ्रॉइगची टूर दुसऱ्या सकाळी. लाफ्रॉइगला फरशीवर पसरलेलं बार्ली आणि पीटची भट्टी बघायची तर डोकं ताळ्यावर हवं.

पीटच्या आकड्यांबद्दल एक खुलासा, कारण गटात यावरून गोंधळ होतो. पीपीएमचा (दर दहा लाखांत किती भाग, याचा) आकडा मॉल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतल्या, फिनॉल या धुराची चव देणाऱ्या द्रव्याचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. आर्डबेगचा मॉल्ट 55 च्या आसपास, लागावूलिन आणि कुल ईला 35 च्या, बोमोर 25 च्या; कुल ईला आणि बोमोर याही आयलाच्याच डिस्टिलरी. मॅशिंग (मॉल्ट गरम पाण्यात भिजवणं) आणि डिस्टिलेशनमध्ये त्यातला मोठा भाग जातो. शिवाय स्पिरिट कट (डिस्टिलेशनमधला ठेवून घ्यायचा मधला भाग) किती उशिरापर्यंत चालू ठेवला यावर किती धूर उरतो ते ठरतं, कारण जड फिनॉल शेवटाकडे येतात. लागावूलिन आणि कुल ईला यांना मॉल्ट जवळपास सारखा आणि चव इतकी वेगळी, ती यामुळे आणि स्टिलच्या आकारामुळे. एका बैठकीत चाखायच्या असतील तर आयलाच्याच बुनाहावन किंवा ब्रुक्लाडीच्या बिनपीटच्या बाटलीने सुरुवात, मग बोमोर, शेवटी दक्षिण किनाऱ्याच्या तिन्ही. ब्रुक्लाडीची दाट धुराची ऑक्टोमोर सगळ्याच्या मागे.

कास्क स्ट्रेंथला (पिंपातल्याच तीव्रतेच्या व्हिस्कीला) पाणी किती, हेही मोजून ठेवा. 57 टक्क्यांची 25 मिलिलीटर 46 वर आणायला 6 मिलिलीटर पाणी लागतं, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून थोडंसं जास्त. निम्मं घालून थांबावं, हुंगावं, मग उरलेलं. एकदम ओतलं तर परतीचा रस्ता नाही.

आयलाशेजारच्या जुरा बेटाला एक दिवस. पोर्ट आस्केगहून फिओलिन, पाच मिनिटांची बोट, बुकिंग नाही. रविवारी फेऱ्या कमी, म्हणून तो वार टाळला आहे. फिओलिनहून क्रेगहाउसची डिस्टिलरी 13 किलोमीटर, एकेरी रस्ता, मधे हरणं. समोरून गाडी आली तर डाव्या बाजूच्या पासिंग प्लेसमध्ये शिरायचं. जागा उजवीकडे असेल तर तिच्या समोर थांबायचं, ओलांडून शिरायचं नाही. जुरावरचा आर्डफिन कोर्स खासगी आणि खर्चिक आहे, आमच्या बेतात नाही.

मॅख्रिहॅनिशचा पहिला टी हा या सहलीतला सर्वात अवघड फटका. डावीकडे अटलांटिकचा किनारा, फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) तिरका पलीकडे. वाळू खेळण्यात धरली जाते, तिथून फटका मारता येतो, त्यामुळे हुक (डावीकडे वळणारा फटका) गेला तरी होल संपत नाही. समोरून वारा असेल तर किनारा ओलांडण्याचा आकडा मनातून काढून उजवीकडे मारावा. दुसरा फटका लांब पडेल एवढंच. पुण्या-मुंबईच्या मऊ गवतावर खेळणाऱ्यांनी आतापासून एकच सराव करावा: ग्रीनच्या 40 यार्ड अलीकडून 8 आयर्न या क्लबने जमिनीलगत सरपटत जाणारा चेंडू. लिंक्सच्या टणक जमिनीवर वेज क्लबने उंच उडवलेला चेंडू टप्पा घेऊन मागे जातो, शिवाय वारा त्याला वाटेत पकडतो. समोरच्या वाऱ्यात ताशी 15 किलोमीटरला एक क्लब वाढवायचा, आणि जोरात नव्हे तर सावकाश मारायचा. जोर लावला की फिरकी वाढून चेंडू आणखी वर चढतो.

बॅगेत पूर्ण संच नेणार नाही. 3 वूड, हायब्रिड, 6 आणि 8 आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. ही सात हत्यारं पातळ बॅगेत बसतात आणि कधी गाडी केनाक्रेगला ठेवून पायी बोटीत चढायची वेळ आली तरी खांद्यावर पेलतात. वॉटरप्रूफ वरखाली दोन्ही, पावसाचे हातमोजे दोन जोड, छत्री नको, वाऱ्यात ती टिकत नाही. हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा) प्रमाणपत्राची छापील प्रत बरोबर.

बाटल्यांचं गणित विमानाने ठरतं. चेक-इन सामानात 24 ते 70 टक्क्यांपर्यंतची दारू बंद पॅकिंगमध्ये माणशी 5 लिटर चालते, 70 च्या वर अजिबात नाही. भारतात करमाफी माणशी 2 लिटरची. 70 सेंटिलीटरच्या दोन बाटल्या म्हणजे 1.4 लिटर, तिसरी घेतली की 2.1. म्हणून दोन मोठ्या आणि तीन 20 सेंटिलीटरच्या, असा हिशोब धरला आहे.

अजून राहिलेलं: स्प्रिंगबँकची टूर. तिथे एकाच छताखाली अडीच वेळा डिस्टिल केलेली स्प्रिंगबँक, दोनदा डिस्टिल केलेली दाट धुराची लाँगरो आणि तीनदा डिस्टिल केलेली बिनधुराची हेझलबर्न बनते, मॉल्टिंगपासून बॉटलिंगपर्यंत सगळं तिथेच. सकाळची वेळ मिळाली तर मॅख्रिहॅनिशचा टी टाइम दुपारी हलवावा लागेल आणि त्या सकाळी चाखणं सगळं छोट्या बाटल्यांत जाईल. आयलावरच्या किलहोमन डिस्टिलरीचा दिवसही मोकळा आहे. ब्रुक्लाडीबरोबर जोडायचा की बोमोरबरोबर, ते मुक्कामाच्या मालकांकडून बसची वेळ कळली की ठरेल. परतीला ए83 वर रेस्ट अँड बी थँकफुलच्या घाटात दरड कोसळण्याचे प्रकार होतात, तेव्हा कॅम्पबेलटाउन ते ग्लासगो साडेतीन तासांऐवजी पाच तास धरले आहेत.